निनाईच्या सुना

"बाई, जाळं गाडीतच ऱ्हाऊ द्या," रावजी गुरव म्हणाले. "पान्याला जाळं लागलं तर आमाला गाव सोडावं लागंल."

जाळ्याचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं, दुसरं इस्माईलच्या. समोर निनाईचा डोह. डोह म्हणायचा तो जुन्या सवयीनं. एरवी तिथं हत्ती बुडेल एवढं पाणी असायचं म्हणतात. त्या दिवशी एखाद्या घराच्या अंगणाएवढं उरलं होतं, तेही कमरेइतकं. काठानं गावच्या बायका पाण्यात पाय सोडून गोल बसल्या होत्या, म्हणजे जाळं टाकायचं झालं तर त्यांच्या डोक्यांवरूनच टाकावं लागलं असतं. आणि मध्यभागी आमचे मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. प्रत्येक मासा हातभर लांब, खवले तांब्याच्या पैशाएवढे. पाण्यातला प्राणवायू संपला की मासा असा वर येतो. वर आला की त्याचे थोडेच तास उरलेले असतात.

"रावजीमामा, मरायला लागलेत ते," मी म्हणाले.

"दिसतंय की."

"मग?"

"मग आईला इचारल्याबिगर काय करता येत न्हाई."

मला तेव्हा राग फार लवकर यायचा. तिशीही उलटली नव्हती, मत्स्यविकास अधिकारी म्हणून नवी नेमणूक, त्यातून बाईमाणूस. रागावल्याशिवाय कुणी ऐकत नाही अशी माझी ठाम समजूत होती. नदीतले संपत चाललेले मासे वाचवायची सरकारी योजना त्याच वर्षी आली होती. त्या योजनेपोटी मला एक टेम्पो, ताडपत्रीची मोठी टाकी, प्राणवायूचा सिलिंडर आणि इस्माईल मुजावर एवढी फौज मिळाली होती. घोडवी नदीवर धरण झाल्यापासून महासीर, म्हणजे हाच मासा, सगळीकडून नाहीसा झाला होता. उरला होता तो या डोहात, कारण इथं त्याला कुणी हात लावत नव्हतं. हेही मेले असते तर योजना कागदावर राहिली असती आणि घोडवीतला महासीर कायमचा गेला असता.

मृग कोरडा गेला होता. धरणात तळ दिसत होता आणि जे होतं ते तालुक्याच्या गावाला पिण्यासाठी राखून ठेवायचा वरून हुकूम होता. नदीत थेंब सोडायचा नाही. धरणाचे शाखा अभियंता देशिंगकर माझ्याशेजारीच उभे होते. मी त्यांच्या दारात आठवडाभर धरणं धरलं होतं, म्हणून ते आले होते.

"साहेब, दोन तास गेट उघडा," मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"मॅडम, उघडलं तरी इथवर येणार नाही. मधली सगळी वाळू तापलीय, तीच पिऊन टाकेल. आणि गावाला दिवसाआड पाणी देतोय, ते तीन दिवसांआड करावं लागेल. तुम्ही सांगा त्यांना कशासाठी ते." ते कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "मी जे देऊ शकत होतो ते दिलंय."

त्यांनी दिला होता एक टँकर. धरणातल्या गार पाण्यानं भरलेला टँकर वर रस्त्यावर उभा होता. तो खरा धनगरवाड्याचा. वाटेत थांबून आमच्या ताडपत्रीच्या टाकीत पाणी ओतायचं, मासे भरायचे आणि धनगरवाड्याला उरलेलं घेऊन बारापर्यंत पोचायचं, असं ठरलं होतं. "बारा म्हणजे बारा," देशिंगकर म्हणाले होते. "तिथं बायका हंडे मांडून उन्हात बसलेल्या असतात."

गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "त्यो टँकर डोहात ओता की!"

"काय होईल त्यानं?" देशिंगकर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. आणि धनगरवाड्याला काय सांगू?"

रावजी गुरव देवळात गेले. मी चपला काढून मागोमाग गेले. निनाई म्हणजे एक उभा पाषाण, शेंदरानं गोल झालेला. कौल लावायची रीत मला ऐकून माहीत होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रावजी सोवळ्यात होते, पाठीचा कणा काठीसारखा ताठ. साठीच्या घरातले असतील. त्यांनी कळ्या लावल्या, हात जोडले.

"आई, सरकारची मानसं आल्यात. तुज्या सुना न्हेऊ म्हंत्यात. न्हेऊ द्यायच्या असल्या तर उजवी दे."

गावात त्या माशांना मासे कुणी म्हणत नसे. निनाईच्या सुना. त्यातल्या थोरलीच्या नाकात नथ आहे असंही सांगायचे. लग्न होऊन गावात आलेली नवी नवरी आधी डोहावर यायची, चुरमुरे टाकायची, आणि या सुना वर येऊन ते खायच्या. मग तिनं घराचा उंबरा ओलांडायचा.

आम्ही कळ्यांकडे बघत बसलो. मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. किती वेळ गेला कोण जाणे, डावी कळी सुटली आणि घरंगळत खाली आली.

"पुन्हा लावा," मी म्हणाले.

रावजींनी माझ्याकडे रागानं पाहिलं, पण लावली. या वेळी फार थांबावं लागलं नाही. पुन्हा डावीच.

"झालं," ते म्हणाले. "आईच्या मनात न्हाई."

"तुमच्या आईला त्या मरायला हव्यात का?" मी बोलून गेले.

देवळाबाहेर एकदम गलका झाला. दोन-चार पुरुष पुढं आले. देशिंगकरांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला ओढलं. "मॅडम, गाडीत बसा. आत्ता बसा," ते दबक्या आवाजात म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. दगडाला हात घालायची तेवढी बाकी होती.

तेवढ्यात काठावरून इस्माईलनं हाक मारली, "मॅडम! उलटली!"

थोरली मादी पोट वर करून तरंगत होती. तिचं पांढरं पोट तटतटलेलं होतं. पावसाळ्यात अंडी सोडायची, त्या तयारीनं भरलेलं. बायकांतली एकजण उठली आणि लुगड्यासकट पाण्यात उतरली. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, सुकलेलं अंग. ती रावजींची बायको शेवंताबाई, हे मला इस्माईलनं मागाहून सांगितलं. तिनं ती मादी पदरात घेतली आणि तिच्या पोटावरून हात फिरवला.

"पोटुशी हाय ही," ती म्हणाली.

"सगळ्याच आहेत," मी म्हणाले. आता माझा आवाज चढला नव्हता. "पावसाळ्यात अंडी टाकतात. आमच्याकडे टाक्या आहेत, वाहतं पाणी आहे, सावली आहे. अंडी टाकली, पिल्लं झाली, की..."

"की काय?"

"की बघू." खरं म्हणजे पुढचं मी ठरवलंच नव्हतं. वरून जे सांगतील ते.

शेवंताबाईनं मेलेली मादी एका बाईच्या हातात दिली आणि ओल्या लुगड्यानं सरळ देवळाच्या पायरीशी आली. रावजी दारात उभे होते.

"तिसऱ्यांदा इचारतो," रावजी म्हणाले. बहुतेक तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना ते सुचलं असावं.

"न्हाई इचारायचं."

"शेवंते—"

"सून बाळंतपनाला म्हायेरी धाडायची का न्हाई ते सासू ठरवती. ह्या घरात सासू मी हाय. आईला इचारून त्या टायमाला काय झालं?"

मघाशी माझ्यावर धावून आलेले पुरुष खाली बघू लागले. देशिंगकरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्हा दोघांनाच काही कळलं नव्हतं. रावजींचा ताठ कणा कुठं गेला कुणास ठाऊक. ते पायरीवर मटकन बसले आणि सोवळ्याचं टोक तोंडावर धरून तसेच राहिले.

शेवंताबाई माझ्याकडे वळली. "तू कोन?"

"मी मत्स्यविकास—"

"ते ऱ्हाऊ दे. न्यायला आलीस न्हवं? मग मुराळी म्हनून ये. म्हायेरचं मानूस येतं, रीतीनं मागतं, रीतीनं न्हेतं आनि रीतीनं आनून घालतं. जाळं घिऊन कुनी सून न्यायला येत न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई कधी मुराळी असती व्हय?"

"सरकारला भाऊ न्हाई, भन आली. तुला काय करायचंय?" ती मागं न बघताच म्हणाली. "बोल पोरी. कवा आनून घालशील?"

मी जी मुदत तोंडाला आली ती सांगितली. "घटस्थापनेच्या आधी."

"सगळ्या?"

डोहात तेव्हा सातजणी श्वासासाठी धडपडत होत्या. "सगळ्या," मी म्हणाले.

"बरं. मुराळी मोकळ्या हातानं परत येत न्हाई, ध्यानात ठेव."

आणि नेमका त्याच वेळी वर रस्त्यावर टँकरचं इंजिन सुरू झालं. मी धावत चढ चढून गेले. देशिंगकर माझ्या आधीच पोचले होते आणि ड्रायव्हरला हात करत होते.

"साहेब! आता तर हो म्हणाल्या!"

"बारा वाजले मॅडम."

"पाच मिनिटं!"

"टाकी भरायची, तुम्ही मासे धरायचे. तास जाईल. तिथं लहान मुलं आहेत." त्यांचा चेहरा उतरला होता, पण हात खाली आला नाही. टँकर धूळ उडवत निघून गेला. मी त्यांना काय काय बोलले ते आता लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता.

खाली आले तेव्हा काठाशी टेम्पोतली ताडपत्रीची टाकी कोरडी ठणठणीत उभी होती आणि इस्माईल तिच्याकडे बघत डोकं खाजवत होता. डोहातलं पाणी भरून उपयोग नव्हता. त्या पाण्यातच तर ते गुदमरत होते.

"काय झालं?" शेवंताबाईनं विचारलं.

"पाणी गेलं," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी सिलिंडरची नळी उगाच तपासत बसले.

ती घराकडे चालू लागली. थोड्या वेळानं परतली ती डोक्यावर घागर घेऊन. तिच्यामागं दुसरी बाई, तिच्यामागं तिसरी. गावच्या आडात त्या दिवसांत सकाळी घरटी जेमतेम घागर-दोन घागरी पाणी मिळायचं. त्यावर सगळं घर दिवस काढायचं. ते पाणी एकेक करून आमच्या टाकीत पडू लागलं. गार, आडाचं, माठातलं पाणी. म्हातारा मघाचा, टँकर डोहात ओता म्हणणारा, तोही तांब्या घेऊन आला.

"काकी, तुम्ही प्याल काय?" मी विचारलं.

"सुनेला वाटंला लावताना पान्याबिगर लावत्यात व्हय? तू नळी सोड तुजी."

मी नळी सोडली. बुडबुडे उठले.

जाळं वापरायचं नाही हे ठरलेलंच होतं. शेवंताबाईनं घरातून एक जुनं लुगडं आणलं. दोघी-दोघींनी त्याचे पदर धरले, पाण्यात बुडवले आणि अलगद एकेका मादीखालून सरकवले. दमलेल्या माद्या धडपडल्यासुद्धा नाहीत. लुगड्याची झोळी उचलून बायका काठ चढून टेम्पोशी यायच्या, इस्माईल टाकीच्या तोंडाशी उभा राहून झोळी उतरवून घ्यायचा. शेवटची टाकीत गेली तेव्हा बायकांच्या अंगावरची लुगडी छातीपर्यंत भिजली होती आणि गावात प्यायला बहुधा थेंब नव्हता. शेवंताबाई हळदकुंकवाची चिमूट टाकीत टाकणार तेवढ्यात मी किंचाळले, "पाण्यात नको, मरतील!" मग तिनं ती ताडपत्रीला लावली आणि ओटीचा नारळ इस्माईलच्या हातात दिला. इस्माईल मुजावरनं तो मान लववून घेतला आणि संपूर्ण प्रवासात मांडीवर धरून बसला.

रावजी पायरीवरून उठले नव्हते.

सातही जणी पोचल्या. पाऊस उशिरा का होईना आला, नदी भरली, आणि श्रावणात आमच्या टाक्यांवर आम्ही अंडी काढली, दुसऱ्या नदीतून आणलेल्या नरांच्या रेतानं ती फळवली. माशाचं पोट हलक्या हातानं दाबून अंडी काढायची असतात. हे काम मी तेव्हा नवीनच शिकले होते आणि माझ्या हातून एका मादीला जास्त दाब बसला. अंडी जगली, पिल्लं झाली; ती मात्र दोन दिवस टाकीच्या कोपऱ्यात एकीकडे कलून राहिली आणि गेली.

भाद्रपदात वरून पत्र आलं, मासे परत सोडायचे नाहीत, एवढं दुर्मीळ वाण पुन्हा डोहात घालायला आपण काही खुळे नाही. मी दोनदा जाऊन भांडून आले. शेवटी उपयोगी पडले ते देशिंगकर. त्यांनी लिहून दिलं की धरणाच्या गेटातून डोहापुरती धार उन्हाळ्यातही नदीत सुटेल, पिण्याचं पाणी बाजूला ठेवूनही एवढं बसवता येतं, मी हिशेब घातला आहे. टँकर गेला त्या दिवसापासून ते तोच हिशेब घालत होते असं त्यांनी मला नंतर सांगितलं. परवानगी मिळाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी इस्माईल म्हणाला, "मॅडम, पलीकडच्या टाकीत दुसऱ्या नदीतली एक हाय. तेवढीच मोठी. सात करून टाकू. कुनाला कळतंय?"

मी त्याच्यावर उगाच खेकसले, कारण दुपारपासून माझ्या डोक्यातही तेच घोळत होतं.

सकाळी त्या सहाजणी आणि पिशव्या भरून पिल्लं घेऊन आम्ही निघालो. डोह काठोकाठ होता. गाव गोळा झालं, हलगी वाजत होती, शेवंताबाई आरतीचं ताट घेऊन पुढं आली. मी टेम्पोतून उतरले आणि ताट ओवाळायच्या आधीच सांगून टाकलं.

"काकी, एक गेली. बाळंतपणातच. माझ्या हातून."

हलगी थांबली. तिनं ताट खाली केलं.

"पोरं?"

"जगली. तिची पण."

ती एक पाऊल पुढं आली. मला वाटलं आता तोंडात मारणार, आणि मारलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

"आमची सून हुती, कमळ," ती म्हणाली. "पैलं बाळंतपन. तिचा भाऊ मुराळी म्हनून आला, तीन दिस ऱ्हायला. ह्येंनी कौल लावला, आईनं डावी दिली. मी म्हनलं धाडा, ह्ये म्हनले आईच्या म्होरं कोन जानार? भाऊ मोकळ्या हातानं माघारी ग्येला. श्रावनात नदीला पूर आला, पैलतीरावरनं डाक्टर येईना. ती बी ग्येली, पोर बी ग्येलं." तिनं पदरानं ताटातलं सांडलेलं कुंकू पुसलं. "तिच्या म्हायेरी सांगाया आमी ग्येलो न्हाई. तोंड न्हवतं. कुना परक्याच्या हातनं निरोप धाडला. बारा वर्सं झाली. तू सांगाया आलीस."

तिनं माझा हात धरला आणि मला पाण्याकडे नेलं. सहाजणी लुगड्याच्या झोळीतून डोहात उतरल्या. पिल्लांच्या पिशव्या तिनं आपल्या हातानं सोडल्या, एकेक, घाई न करता, आणि शेवटची पिशवी रिकामी झाल्यावरही ती पाण्यात हात घालून बसून राहिली.

दुपारी आम्ही निघालो तेव्हा रावजी गुरव टेम्पोपाशी उभे होते. धुतलेलं धोतर, काखेत पंच्यात बांधलेला नारळ.

"बाई, तुमची गाडी मांगरूळ फाट्यावरनं जाती न्हवं?"

"जाते. का?"

"कमळीचं म्हायेर तिथनं आत हाय. आई हाय तिची आजून." त्यांनी क्षणभर देवळाकडे पाहिलं. "आता तरी तोंडानं सांगून या म्हनती ही."

"कौल लावलात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"न्हाई," ते म्हणाले.

इस्माईलनं त्यांना हात देऊन वर घेतलं. ते मागं, रिकाम्या टाकीशेजारी, नारळ मांडीवर घेऊन बसले. मांगरूळ फाट्यावर गाडी थांबली. तिथं ते उतरले, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच आतल्या रस्त्याला लागले.